बाबासाहेबांच्या लेकींचे नाव सातबाऱ्यावर कधी येणार?

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात रिठद हे गाव आहे. वऱ्हाडातल्या कोणत्याही गावासारखेच हे गाव. शिवारात सोयाबीन आणि तूर. पावसाळ्यात बाया निंदायला जातात आणि दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन सोंगायला. शेतात पाहावे तर कंबर वाकवलेल्या बायाच जास्त दिसतात. मागे एका कार्यक्रमाच्या निमित्ताने आमचे रिठदला जाणे झाले. भाषणे झाली, घोषणा झाल्या, आम्हीही बाबासाहेबांनी स्त्रियांना हक्क दिले म्हणून जोरात बोललो. कार्यक्रम आटोपल्यावर एक वयस्क माय आमच्याजवळ आली आणि तिने अगदी साधा प्रश्न विचारला. बाबासाहेबांनी बाईला वाटा दिला म्हणता, तर मग माझ्या बापाच्या शेतात माझे नाव का नाही, आणि माझ्या लेकीचे तरी कुठे आहे?

आम्ही काहीतरी उत्तर दिले. पण ते उत्तर आमचे आम्हालाच पटले नाही. चळवळीत इतकी वर्षे काढूनही स्त्रियांच्या हक्कासाठी बाबासाहेबांनी नेमके कोणते कायदे केले, कोणते करू पाहिले, त्यातले काय मिळाले आणि काय अडले, हे आपण आपल्या माय-बहिणींना नीट सांगितलेलेच नाही. जयंतीच्या दिवशी हिंदू कोड बिलाचे नाव घ्यायचे आणि टाळ्या मिळवायच्या, एवढ्यावर आपले भागते. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र आज आम्ही कायदा करणारा माणूस या एकाच अंगाने पुन्हा सांगत आहोत. रिठदच्या त्या मायच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांची आई भीमाबाई ते लहान असतानाच गेली. आत्या मीराबाईने त्यांना वाढवले. रमाईशी लग्न झाले तेव्हा दोघेही अजाण वयाचे होते. बाईचे कष्ट, बालविवाह, आईविना पोर हे सारे त्यांनी आधी घरात पाहिले होते, पुस्तकात नंतर वाचले. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या बंधनामुळे, आणि ते बंधन टिकवण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली उभ्या राहिल्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. जातीच्या तुरुंगाची भिंत बाईच्या अंगावर उभी केलेली आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले. जात मोडायची तर बाई मोकळी झाली पाहिजे. बाबासाहेबांचे स्त्रीविषयक कायदे हे जातिअंताच्या लढ्यापासून वेगळे काढून दाखवता येत नाहीत, ते यामुळेच.

याच काळात कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज हाच मार्ग हुकूम-कायद्याने चालत होते. १९१७ साली विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याचे पाठबळ, १९१९ साली घटस्फोटाचा आणि स्त्रियांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध करणारा कायदा, १९२० साली जोगतिणी-मुरळी सोडण्यावर बंदी, अशी त्यांची पावले होती. घरातल्या छळाविरुद्ध देशाच्या संसदेने स्वतंत्र कायदा केला तो २००५ साली. म्हणजे शाहू महाराज ८६ वर्षे पुढे होते! मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत या दोघांनी एक मंच भूषवला. समाजाचे मन बदलेल तेव्हा बदलेल, तोवर दुबळ्याच्या पाठीशी कायदा उभा केला पाहिजे, या बाबतीत दोघांची वाट एकच होती. फरक एवढाच की शाहू महाराज राजे होते, त्यांचा हुकूम हाच कायदा. बाबासाहेबांना मात्र प्रत्येक कलमासाठी विरोधकांनी भरलेल्या सभागृहात झगडावे लागले.

१९२७ हे वर्ष आपण चवदार तळ्यासाठी आणि २५ डिसेंबरच्या मनुस्मृतीदहनासाठी ओळखतो. मनुस्मृतीने शूद्र-अतिशूद्रांबरोबर स्त्रीलाही आयुष्यभर कोणाच्या ना कोणाच्या ताब्यात ठेवले होते. ती जाळली गेली तेव्हा बाईच्या गुलामीचाही कायदा जळाला. महाडच्या त्याच परिषदेत बाबासाहेब आपल्या समाजातील स्त्रियांशी वेगळे बोलले, त्यांना नेसण्या-वागण्यापासून मुलींच्या शिक्षणापर्यंत सांगितले. मात्र जुना कायदा जाळून काम संपत नाही, त्याच्या जागी नवा लिहावा लागतो. त्याच वर्षी ते मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले होते. लिहिण्याची संधी लगेच आली.

१९२८ च्या जुलैमध्ये कौन्सिलात प्रसूती भत्त्याचे विधेयक चर्चेला आले. कारखान्यात काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळावी आणि त्या काळात तिच्या पोटाची सोय व्हावी, एवढीच मागणी. मालकांचा विरोध होता. बाबासाहेब विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. आईला विश्रांती देणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारने घ्यायला हवा, हे त्यांनी मांडले. पण बाईला कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, तेव्हा मालकाला त्यातून अंग काढता येणार नाही, हेही त्यांनी बजावले. याच्या दोनच वर्षे आधी, जुलै १९२६ मध्ये, त्यांचा लाडका राजरत्न गेला होता. रमाई आणि बाबासाहेबांनी पाच लेकरांपैकी चार मातीआड केली होती. आई आणि मूल जगण्याचा प्रश्न त्यांना कागदावरून शिकावा लागला नव्हता. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला आणि १९३० साली मध्य प्रांतानेही तसा कायदा केला.

येथे एक दुरुस्ती करणे आम्हाला आवश्यक वाटते. आपल्या व्यासपीठांवरून कधी कधी सांगितले जाते की आज नोकरदार बाईला मिळणारी सहा महिन्यांची रजा बाबासाहेबांनी दिली. ते तसे नाही. १९६१ साली देशभरासाठी कायदा झाला आणि २०१७ साली त्यातली रजा २६ आठवड्यांची झाली. बाबासाहेबांनी या वाटेचा पाया घालायला हात लावला, हा त्यांचा मोठेपणा पुरेसा आहे. त्यात आपण भर घालण्याची गरज नाही. उलट हे विचारले पाहिजे की रिठदच्या शिवारात रोजाने निंदायला जाणाऱ्या बाईला ती रजा कधी मिळाली काय?

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत या पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते, म्हणून पी. जे. रोहम यांनी तो मांडला. सततच्या बाळंतपणांनी बाईचे शरीर झिजते, कित्येक जणी त्यात मरतात, मूल हवे की नको यावर तिचा अधिकार असला पाहिजे, असा त्याचा आशय. त्या काळी या विषयावर उघड बोलणेही लाजिरवाणे मानले जाई. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारला १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घ्यावाच लागला. ज्यांनी नाके मुरडली त्यांच्याच वारसांनी नंतर भिंती रंगवल्या!

आता आपल्या विदर्भाकडे या. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. या परिषदेने जे ठराव केले ते आज वाचले तरी थक्क व्हायला होते. बायकोला घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा, एकापेक्षा जास्त बायका करण्याची चाल बंद व्हावी, गिरण्यांत आणि विड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायांना पगारी रजा मिळावी, इजा झाली तर भरपाई मिळावी, आणि कायदेमंडळांत व स्थानिक संस्थांत आपले प्रतिनिधी असावेत. हिंदू कोड बिल दिल्लीत मांडले जाण्याच्या पाच वर्षे आधी आपल्या आया-आज्यांनी त्यातल्या मुख्य मागण्या नागपुरात मंजूर केल्या होत्या. ते बिल केवळ एका विद्वानाच्या अभ्यासिकेत जन्मले नाही. लुगडे नेसून, लेकरू काखेत घेऊन आलेल्या बायांचा आवाज त्यात होता. हा इतिहास कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

त्याच महिन्यात बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ पर्यंत त्यांनी हे खाते सांभाळले. खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात त्यांच्या काळात सुधारणा झाल्या. मात्र याच काळात एक अवघड प्रसंगही आला. महायुद्धामुळे कोळशाची टंचाई झाली आणि बायांनी खाणीत जमिनीखाली उतरून काम करण्यावरची बंदी सरकारने १९४३ मध्ये उठवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या निर्णयावर टीका झाली आणि मंत्री म्हणून बाबासाहेबांना त्याचे समर्थन करावे लागले. आपण हे लपवू नये. ही सोय तात्पुरती असल्याचे त्यांनी सांगितले, खाणीत बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल हे पाहिले, आणि युद्ध संपल्यावर १९४६ च्या फेब्रुवारीपासून बंदी पुन्हा लागू झाली. नेता सत्तेत बसला की त्याला नको असलेले निर्णयही अंगावर घ्यावे लागतात. त्याने ते कधी आणि कसे परत फिरवले, यावरून त्याची पारख करावी.

पुढे राज्यघटना आली. कायद्यापुढे समानता, लिंगावरून भेदभावाला बंदी, स्त्रियांसाठी खास तरतूद करण्याची राज्याला मुभा, समान कामाला समान वेतनाचे आणि प्रसूतिसाहाय्याचे मार्गदर्शक तत्त्व, आणि प्रत्येक प्रौढ बाईला मत. हे घटनेत आले. पण घटनेने सरकारपुढे समान केलेली बाई घराच्या उंबऱ्याच्या आत अजून धर्मशास्त्राच्याच ताब्यात होती. लग्न, घटस्फोट, दत्तक, वारसा हे सारे जुन्याच नियमांनी चालत होते. नवऱ्याने दुसरी बायको आणली तरी पहिलीला बोलता येत नव्हते. विधवेला मिळालेली मिळकत तिच्या हयातीपुरती, विकण्याचा अधिकार नाही. मुलीला बापाच्या वडिलोपार्जित शेतात जागाच नव्हती. एप्रिल १९४७ मध्ये मांडलेले हिंदू कोड बिल या उंबऱ्याच्या आत शिरणारे होते. एकपत्नीत्व, घटस्फोट, आंतरजातीय विवाहाला मान्यता, विधवेला पूर्ण मालकी आणि मुलीला वाटा. आधीच्या राव समितीने मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा ठेवला होता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने १९४८ मध्ये तो मुलाच्या बरोबरीचा केला. येथेच खरी ठिणगी पडली.

विरोधाचे वादळ उठले. बिलविरोधी समित्या निघाल्या, दिल्लीच्या रामलीला मैदानावर सभा झाल्या, पुतळे जाळले गेले. धर्मशास्त्रात हात घालण्याचा अधिकार एका अस्पृश्याला कोणी दिला, अशी भाषा झाली. स्वामी करपात्रींसारखे साधू रस्त्यावर आले. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांचा बिलाला विरोध होता. पंतप्रधान नेहरू बाजूने होते, पण पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली तशी त्यांच्या पक्षाची पावले मागे पडू लागली. बाबासाहेब मधुमेहाने आणि गुडघ्यांच्या दुखण्याने जर्जर झाले होते. तरी प्रकृतीपेक्षा बिल मोठे मानून त्यांनी ते लवकर चर्चेला घ्यावे म्हणून नेहरूंकडे आग्रह धरला. सप्टेंबर १९५१ मध्ये चर्चा झाली, अवघी चार कलमे मंजूर झाली, आणि बिल गुंडाळले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

ते केवळ या बिलासाठी बाहेर पडले असे म्हणणे अपुरे आहे. अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण आणि खात्यांच्या वाटपातील वागणूक ही कारणेही त्यांनी दिली होती. पण शेवटचा घाव बिलाचाच होता. सभागृहात निवेदन वाचण्याआधी त्याची प्रत मागितली गेली, तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी बाहेर प्रसिद्ध केले. वर्गा-वर्गांमधली आणि स्त्री-पुरुषांमधली विषमता तशीच ठेवून आर्थिक सुधारणांचे कायदे करत राहणे ही घटनेची थट्टा आहे, अशी त्यांची भूमिका होती. देशाच्या बहुसंख्य स्त्रियांच्या हक्कासाठी मंत्रिपदावर पाणी सोडणारा दुसरा मंत्री आम्हाला तरी आठवत नाही.

पुढे त्याच बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. १९५५ मध्ये विवाहाचा, १९५६ च्या जूनमध्ये वारशाचा, ऑगस्टमध्ये अज्ञान व पालकत्वाचा. चौथा दत्तक व पोटगीचा कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी झाला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते. आपल्या बिलाचा शेवटचा तुकडा कायदा होताना पाहायला ते पंधरा दिवसांनी मुकले.

मग रिठदच्या मायचे नाव सातबाऱ्यावर का आले नाही? कारण १९५६ च्या वारसा कायद्यात एक खोच होती. एक हिशेब मांडून पाहू. एका बापाकडे नऊ एकर वडिलोपार्जित शेत आहे. दोन मुलगे, एक मुलगी, आई आधीच वारलेली. १९५६ च्या कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीवर जन्माने हक्क फक्त पुरुषांचा ठेवला गेला. म्हणून आधी बाप आणि दोन मुलगे यांचे तीन-तीन एकर पडायचे, आणि बाप वारल्यावर त्याचे तीन एकर तिघांत वाटले जायचे. हिशेब असा की मुलांना चार-चार एकर आणि मुलीला एक एकर. बाबासाहेबांनी आणलेल्या बिलात ही जन्मसिद्ध पुरुषी मक्तेदारीच काढून टाकली होती. त्यात तिघांना तीन-तीन एकर आले असते. सनातन्यांनी जे वाचवले ते धर्मशास्त्र नव्हते, मुलीचे दोन एकर होते!

ते दोन एकर परत मिळायला फार वर्षे लागली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९९४ साली वारसा कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून मुलीला जन्मापासून मुलासारखाच हक्क दिला. पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. रिठदच्या मायसारख्या कितीतरी जणी त्या एका तारखेने बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून संसदेच्या दुरुस्तीने लग्न झालेली-न झालेली हा भेद संपवला. त्या तारखेला वडील हयात हवे की नको, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटवला. हक्क जन्माने आहे, वडिलांच्या हयातीवर तो अवलंबून नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत. म्हणजे बाबासाहेबांचा तीन एकरांचा हिशेब पूर्ण जमायला जवळजवळ सत्तर वर्षे गेली.

आणि आता जे लिहायचे आहे ते इतरांविषयी नाही, आपल्याविषयी आहे. आम्ही बौद्ध, मग हिंदू वारसा कायदा आम्हाला कसा, असे काही बांधव विचारतात. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, हे त्याच्या दुसऱ्याच कलमात लिहिले आहे. म्हणजे ही पळवाट नाही. मग बाप वारला की आपल्या घरांत काय होते? वारस नोंदीला तलाठ्याकडे जायचे, सोबत बहिणींना न्यायचे, आणि त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर सही-अंगठा घ्यायचा. बदल्यात साडीचोळी आणि दिवाळीचे माहेरपण. तिने नाही म्हटले तर माहेर तुटते. लग्नात खर्च केला तोच तुझा वाटा, असेही ऐकवले जाते. जो भाऊ १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असतो, तोच बहिणीचा अंगठा घेताना मागेपुढे पाहत नाही. बहिणीने राजीखुशीने सोडले असे कागदावर लिहिलेले असते. ती राजीखुशी किती खरी, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. आम्हीही आमच्या मनाला विचारले आहे, आणि उत्तर अभिमानाने सांगण्यासारखे नाही.

आपल्यापैकी अनेकांकडे शेतच नाही, हेही खरे. पण घर आहे, गावठाणातली जागा आहे, शहरातली खोली आहे, नोकरीत गेलेल्यांचे फ्लॅट आहेत. हिशेब एकराचा नसला तर चौरस फुटांचा आहे. तत्त्व तेच.

कायदा कोणाच्या घरी चालत जात नाही. बाबासाहेबांनी तो उंबऱ्यापर्यंत आणला. उंबऱ्याच्या आत घेणे आपल्या हातात आहे. म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात वर्षातून एकदा वारसा कायद्याची माहिती द्यावी, आणि ती भावांच्या समोर द्यावी. कार्यकर्त्याने आधी आपल्या घरातील फेरफार तपासावा. बहिणीचे नाव कमी झाले असेल तर तिचा वाटा स्वतःहून तिच्या नावे करून द्यावा. कोणत्याही वारस नोंदीत बहिणीच्या हक्कसोडपत्राला साक्षीदार म्हणून सही करायची वेळ आली, तर चळवळीच्या माणसाने ती करू नये. एवढे जरी झाले तरी पुढच्या वेळी रिठदला गेल्यावर त्या मायला, निदान तिच्या लेकीच्या नावाचा सातबारा दाखवता येईल.

तोवर हिंदू कोड बिलावर टाळ्या घेण्याचा अधिकार आम्हाला नाही. जयभीम!